पायात काटा मोडला तर सूज वाचायची कशी

आमच्या वऱ्हाडी बोलीत "पाय" म्हणजे पाऊल आणि "पाय" म्हणजे बघ. "पायाकडं पाय" म्हटलं की पुण्याकडचा पाहुणा हसतो, पण आज मला नेमकं तेच सांगायचंय. काटा मोडला, सूज आली, तर त्या पायाकडं बघायचं कसं, आणि वरून जे दिसतं त्याच्या खाली कोण कोणाला हाका मारत असतं ते ओळखायचं कसं.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटी लॅब चालवतो, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलंय, घरची चार एकर कोरडवाहू आहे, म्हंजे सकाळी लोकायच्या हातात सुया आणि संध्याकाळी वावर. मागच्या जानेवारीत पऱ्हाटी उपटून धुऱ्यानं येत होतो तर बाभळीचा काटा स्लिपर फाडून सरळ तळव्यात घुसला, टाचेच्या थोडा पुढं. ओढला तर अर्धाच हातात आला. टोक आत राहिलं. आई म्हणाली "हळद-चुना लाव, उतरन सकाळपर्यंत." मी लॅबवाला, मला वाटलं चला आता आपणच पेशंट आहोत तर जरा नीट नोंद ठेवू, आणि त्या दिवसापासून नऊ दिवस मी पायावर बॉलपेननं रेघा मारत बसलो. बायको म्हणे सातबाऱ्याचा नकाशा काढता का.

सामान काही जास्त लागत नाही. बॉलपेन, घड्याळ, थर्मामीटर, मोबाईलचा कॅमेरा आणि दुसरा पाय. दुसरा पाय सगळ्यात महत्त्वाचा, काहून की तुलना त्याच्याशीच करायची असते.

पण आधीचं आधी. साबण-पाण्यानं जखम भरपूर धुवा, चुना उघड्या जखमेवर लावू नका, तो कातडी भाजतो. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा, अशा मातीच्या जखमेला पाच वर्षं उलटून गेली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. आणि काटाच होता हे डोळ्यानं पाहिलं नसेल, गवतात काहीतरी टोचलं एवढंच माहीत असेल, तर हा लेख इथंच सोडा आणि साप समजून दवाखाना गाठा. घोणसाची सूज ही विषाची सूज असते, तिला खालचे हिशोब लागू नाहीत, आणि मण्यार तर चावते तिथं धड सूजही येत नाही.

आता पहिली दहा मिनिटं. कातडीखाली काही पेशी कायमच्या राहायला असतात, रात्री वावरात जागलीला खोपडीत माणूस असतो तशा. एक मास्ट सेल, दुसरी मॅक्रोफेज. काटा घुसला की मास्ट सेल हिस्टामिन सोडते, बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि पाझरू लागतात. म्हणून गरम लागतं, म्हणून फुगतं. मॅक्रोफेजच्या अंगावर टोल नावाचे रिसेप्टर (निरोप किंवा खूण ओळखणारी प्रोटीनं) असतात, ते जंतूच्या सालपटाचे तुकडे ओळखतात (२०११ चं नोबेल ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना याच कामासाठी मिळालं), आणि ओळखलं की ही पेशी प्रोटीन तयार करून बाहेर सोडायला लागते. टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-८ ही त्यातली मोठी नावं. या निरोप्या प्रोटीनांना सायटोकाइन म्हणतात, आणि त्यातली जी पेशींना चालवत एखाद्या जागी आणतात ती केमोकाइन. माणसाच्या अंगात केमोकाइन पन्नासच्या आसपास आहेत आणि ते ऐकणारे रिसेप्टर वीसच्या आसपास, म्हंजे हाका जास्त आणि कान कमी, एकाच कानानं दोन-तीन हाका ऐकू येतात.

या वेळेला काय बघायचं? पुस्तकात लिहिलेलं असतं "लाली". ते गोऱ्या कातडीवर पाहून लिहिलेलं आहे. आपल्या उन्हानं रापलेल्या पायावर लाली शोधत बसाल तर दिसणारच नाही. आपल्याकडं रंग थोडा गडद, जांभळट होतो, कातडी ताणल्यासारखी चमकते, वरच्या बारीक सुरकुत्या गायब होतात. हाताची मागची बाजू (तळहात नाही, तो कामानं जाड झालेला असतो) आधी चांगल्या पायावर ठेवा मग दुखऱ्या पायावर, फरक लगेच कळतो. मग जिथं गरमपणा आणि चमक संपते त्या कडेवरून बॉलपेननं रेघ मारा, बाजूला तारीख-वेळ लिहा, फोटो काढा. माझ्या पहिल्या रेघेची वेळ संध्याकाळी सहा वीस, आकार पाच रुपयाच्या नाण्याएवढा.

पुढचे काही तास हे सगळ्यात मजेचे आहेत, इथं मी थोडा जास्त वेळ घेणार.

रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात, बोनमॅरो त्या रोज साधारण दहा हजार कोटी बनवतो. अडचण अशी की रक्त तर भरधाव पळतंय, आणि पेशीला नेमकं टाचेपाशी उतरायचंय. चालत्या एसटीतून उतरायचं म्हणा ना. मग ती उतरते कशी? हिस्टामिन पोचल्यावर काही मिनिटातच रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर पी-सिलेक्टिन येतं, ते आधीच बनवून ठेवलेलं असतं. टीएनएफ आणि आयएल-१ पोचल्यावर भिंत ई-सिलेक्टिन नव्यानं बनवते, त्याला एक-दोन तास लागतात. ही सिलेक्टिनं पेशीला घट्ट धरत नाहीत, धरतात-सोडतात धरतात-सोडतात. सरकीचा दाणा घोंगडीवर सोडून पाहा, त्याची बारीक तूस लोकरीत अडकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि दाणा रखडत रखडत लोळतो. न्यूट्रोफिल भिंतीवरून अगदी तशी लोळते. तिचा वेग पडतो.

वेग पडला की तिला भिंतीवरचा निरोप वाचायला वेळ मिळतो, आणि तो निरोप म्हणजे आयएल-८. हे प्रोटीन १९८७ मध्ये सापडलं. ते रक्तात वाहून जात नाही, भिंतीच्या आतल्या बाजूला हेपारान सल्फेट नावाच्या साखरेच्या धाग्यांना चिकटून बसतं, बसस्टँडच्या खांबाला चिकटवलेल्या कागदासारखं. न्यूट्रोफिलनं ते वाचलं की तिच्या अंगावरची इंटेग्रिन नावाची प्रोटीनं आकार बदलून ताठ होतात आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ ला पक्की पकडतात. आता ती लोळत नाही, थांबते, चपटी होते, आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. धोंडा नाही ठेवला तर कुंपणाखालून कुत्रं येतं ना, तसं.

बाहेर पडल्यावर पुढचा रस्ता वासाचा. गावात पंगत असली की रोडग्याचा आणि वांग्याच्या भाजीचा वास येतो, डोळे मिटून चाललं तरी जिकडं वास वाढतो तिकडं आपसूक पाय वळतात. काट्यापाशी आयएल-८ जास्त, लांब गेलं की कमी. न्यूट्रोफिल असते बारा-पंधरा मायक्रॉनची (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), पण तिच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला एक-दोन टक्क्याचा जरी फरक असला तरी तिला समजतो आणि ती जास्तीकडं सरकते. वेग मिनिटाला दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हंजे एक मिलिमीटर जायला दीड-पावणेदोन तास. आणि पोचल्या पेशी ल्यूकोट्रायीन बी-४ सोडून मागच्यांना आणखी बोलावतात, हे मात्र प्रोटीन नाही, चरबीपासून बनलेलं आहे, सगळेच निरोप प्रोटीनचे नसतात.

पुस्तकात इथं सैन्य, सैनिक, युद्ध असं सगळं येतं. मला ते पटत नाही. सैन्याला वरून हुकूम येतो. इथं वर कोणी नाही. आपल्याकडं वेचणीला बाया कशा येतात, ज्याचं बोंड फुटलं तो निरोप देतो, आलेल्या बाया आणखी चार जणींना सांगतात, आणि कोणाच्या वावरात जायचं हे कलेक्टर ठरवत नाही. सूज तशी आहे.

आणि काट्याचाच विषय आहे म्हणून सांगतो, हे सगळं पहिल्यांदा दिसलं तेही काट्यामुळंच. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनाला एली मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन माणसानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि सकाळी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या. १९०८ चं नोबेल त्याला पॉल अर्लिखसोबत मिळालं. आपल्याकडं तर दर दुसऱ्या माणसाच्या पायात हा प्रयोग होतो, फक्त पाय पारदर्शक नाही, म्हणून पेन.

दुसरी रेघ रात्री दहाला मारा, तिसरी सकाळी. रेघ बाहेर सरकली म्हणून लगेच घाबरू नका, पहिल्या दिवशी ती सरकतेच. माझी सकाळी पेढ्याएवढी झाली होती. ती किती वेगानं सरकते आणि कोणत्या दिशेनं, हे बघायचं.

दुसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो. टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात, तिथं हायपोथॅलॅमसपाशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि अंगाचं तापमान किती ठेवायचं तो आकडाच वर सरकतो. म्हणून अंग तापलेलं असताना हुडहुडी भरते, शरीराला वाटतं आपण अजून थंड आहोत. पॅरासिटामॉल या प्रोस्टाग्लँडिनवर काम करतं, पायातल्या निरोपांवर नाही. म्हंजे गोळी घेऊन ताप उतरला पण पेनची रेघ मात्र पुढं सरकतेय, तर रेघेवर विश्वास ठेवा. तापाची वेळ लिहिताना गोळी किती वाजता घेतली तेही लिहा, नाहीतर नोंदीला काही अर्थ राहत नाही.

आता रिपोर्ट, हा माझा धंदा. आयएल-६ लिव्हरला पोचलं की लिव्हर सीआरपी नावाचं प्रोटीन बनवायला लागतं, सूज किती आहे ते रक्तात मोजायला हीच तपासणी करतात. काटा घुसल्यावर तासाभरात सीआरपी केली तर नॉर्मलच येणार, पैसे वाया, ती सहा-आठ तासांनी चढायला लागते आणि दोनेक दिवसांनी वरच्या टोकाला जाते. निरोप थांबले की दर एकोणीस तासांनी साधारण निम्मी होते. म्हणून एका रिपोर्टपेक्षा दोन दिवसाच्या अंतरानं केलेले दोन रिपोर्ट जास्त बोलतात. आमच्यासारख्या छोट्या लॅबमध्ये ती काळ्या स्लाइडवर होते, सीरमचा (रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळट पाणी) एक थेंब, लॅटेक्सचा एक थेंब, काडीनं मिसळायचं आणि दोन मिनिटं स्लाइड हळूहळू फिरवायची. दूध नासल्यासारखे बारीक कण फुटले तर पॉझिटिव्ह, म्हंजे लिटरला ६ मिलिग्रॅमच्या वर. गंमत म्हणजे सीआरपी फार जास्त असली तर कधी कधी कणच दिसत नाहीत आणि खोटी निगेटिव्ह येते, पेशंट तापानं फणफणत असेल आणि स्लाइड दुधासारखी गुळगुळीत असेल तर सीरम पातळ करून पुन्हा करावी लागते. आणि युनिट बघा बाप्पा! कोणी मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितं, कोणी प्रति डेसिलिटर, दहापट फरक पडतो. ४८ वरून ४.८ झाला म्हणून पेढे वाटणारे मी पाहिलेत, लॅब बदललेली असते फक्त.

सीबीसीत, म्हंजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीत, लोक पांढऱ्या पेशींचा आकडा बघतात. चार हजार ते अकरा हजार नॉर्मल, वर गेला की इन्फेक्शन. बऱ्याचदा बरोबर आहे. पण आकडा रक्तातला आहे, पायातला नाही, आणि इथं मोठी फसगत होते.

आमच्या गावाकडचे एक काका आले होते, धसकट घुसलं होतं पायात. आधी कोण्या एका डॉक्टरकडं जाऊन आले होते, नाव घेत नाही, तिथं "पावरचं" इंजेक्शन मिळालं, कागद नाही काही नाही. सूज अर्ध्यावर, दुखणं गायब, काका खूश. "पाय ना भाऊ, एका सुईत उतरलं, तू कायले रक्त काढतं?" मी रक्त काढलं, काउंट सतरा हजार चारशे, न्यूट्रोफिल ८८ टक्के. पाय उतरलेला आणि काउंट चढलेला. मी रिकामी शिशी कशी होती विचारलं, तर त्यांच्या सांगण्यावरून ते डेक्सा असावं, म्हंजे स्टेरॉइड.

स्टेरॉइड काय करतं तर मॅक्रोफेजच्या आत टीएनएफ, आयएल-१, आयएल-८ बनवायचा जो स्विच असतो, एनएफ-कप्पा-बी, तो दाबून ठेवतं. निरोपच बंद. आणि दुसरीकडं भिंतीला चिकटलेल्या, लोळणाऱ्या न्यूट्रोफिल सुटून पुन्हा रक्ताच्या धारेत येतात, बोनमॅरोतूनही जास्त सुटतात. मग मशीनला काय दिसणार, सतरा हजार. एसटी खचाखच भरलेली, पण स्टँडवर कोणीच उतरत नाही. जंतू मात्र तिथंच आणि आता मोकळे. दोन दिवसांनी काकांना कडकडून ताप, पाय घोट्यापर्यंत काळानिळा, जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन चिरा देऊन पू काढावा लागला. वाचले, पाय वाचला. स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही, कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या पेशंटचा जीव त्यानंच वाचला, तिथं निरोपच जास्त झाले होते. पण कोणत्या पायात निरोप जास्त आहेत आणि कोणत्या पायात जंतू जास्त, हे न बघता सुई मारायची म्हंजे आग लागली म्हणून घंटा काढून घ्यायची.

काही मुलं जन्मतःच अशी असतात की इंटेग्रिनचा एक भाग, सीडी-१८, त्यांच्यात नीट बनत नाही. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल खच्चून भरलेल्या असतात आणि जखमेत पू होत नाही, बाळाची नाळ सुद्धा वेळेवर गळत नाही. दुर्मीळ आजार आहे, पण काकांचा रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मला तोच आठवला.

शुगरवाल्यांचं उलटं-सुलटं असतं. तळव्याला जाणीव कमी, न्यूट्रोफिलही वासामागं धड चालत नाहीत, त्यामुळं सूज कमी दिसते आणि आत वाढत राहतं. शुगर असेल तर रेघा मारत बसू नका, पहिल्याच दिवशी दाखवा.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास पाळी बदलते. सीसीएल-२ नावाचं केमोकाइन मोनोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावतं, त्या मांसात आल्या की मॅक्रोफेज बनतात आणि मेलेल्या न्यूट्रोफिल गिळून जागा झाडून काढतात. पू म्हणजे बहुतेक या मेलेल्या न्यूट्रोफिलच, त्याचा हिरवट रंगही त्यांच्याच पोटातल्या एन्झाइमचा. याच दिवसात जांघेत अवधाण येतं, म्हातारी माणसं लगेच बोट ठेवून सांगतात. कातडीतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचा तुकडा घेऊन सीसीएल-२१ च्या वासानं लसिकेतून (लिम्फच्या बारीक नळ्यांतून) जांघेतल्या गाठीपर्यंत जातात आणि तिथं लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवतात, गाठ कामाला लागली की फुगते. दुखरी, हलणारी, हरभऱ्या-बोराएवढी गाठ आणि पाय सुधारतोय, तर ठीक. पण पायापासून जांघेकडं लालसर किंवा गडद पट्टा चढताना दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता थांबायचं कसं, तर हाका बंद व्हाव्या लागतात. न्यूट्रोफिल गिळलेली मॅक्रोफेज बोलायची भाषा बदलते, टीएनएफ कमी करते आणि आयएल-१०, टीजीएफ-बीटा सोडायला लागते, हे "आता येऊ नका, भरून काढा" असे निरोप. पाचव्या दिवशी माझी रेघ आत सरकू लागली, कातडीवर सुरकुत्या परत दिसल्या, साल निघायला लागली, सीआरपी निगेटिव्ह. फक्त मधोमध वाटाण्याएवढं कडक राहिलं, पेनाच्या टोपणानं बरोबर त्याच्यावर दाबलं की कळ डोक्यात जायची, अर्धा इंच बाजूला दाबलं तर काही नाही. हे नीट लक्षात ठेवा, सगळी सूज उतरून एकच बिंदू दुखतो तेव्हा आत काहीतरी शिल्लक असतं. लाकूड पचत नाही, मॅक्रोफेज त्याच्याभोवती एकमेकींत मिसळून मोठ्या पेशी करून बसतात आणि थोडी थोडी हाक चालूच राहते, महिनोन् महिने. नवव्या दिवशी डॉक्टरांनी भूल देऊन छोटा चिरा दिला तर सहा मिलिमीटरचं काळं टोक निघालं. एक्सरेत ते दिसलं नव्हतं, काटा बहुतेक दिसतच नाही, सोनोग्राफीत दिसतो.

आणि एक वेळ अशी असते जेव्हा रेघ बघायची गरजच नसते. हेच निरोप पायापुरते न राहता सगळ्या रक्तात पसरले तर सगळ्याच रक्तवाहिन्या एकदम ढिल्या पडतात, पाझरतात, बीपी खाली येतं. माणूस बरळतो, श्वास भरभर, लघवी कमी, हातपाय गार. तिथं एक तासही थांबायचं नाही, एकशे आठला फोन.

डॉक्टरकडं जाताना सोबत काय न्यायचं ते सांगून टाकतो. रेघांचे फोटो वेळेसकट. ताप आणि गोळीची वेळ. शुगर आहे का. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन. आधी कोणी सुई दिली असेल तर तिची शिशी किंवा निदान शिशीचा फोटो, मागून घ्या, लाजू नका, आणि लॅबमध्ये रक्त देताना आम्हालाही आधी सांगा की डेक्सा झालंय, नाहीतर आम्ही सतरा हजार छापून देतो आणि पुढचा माणूस भलतंच वाचतो.